व्हिसा कामगाराचा, नामनिर्देशन मालकाचे

समजा, कोल्हापूरचा एक डिझेल मेकॅनिक मेलबर्नजवळच्या डँडेनाँग येथे ट्रक दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीस आहे. वय ४३. सोबत पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. नोकरीला दोन वर्षे पूर्ण झाल्यावर एके दिवशी मालक त्याला केबिनमध्ये बोलावतो. “तुझी पीआरची फाइल लावून टाकू. सरकारी फी, कर, वकील असा सगळा मिळून २५ हजार डॉलर खर्च आहे. तेवढी सोय तुला करावी लागेल.” थोडे दागिने, थोडी उसनवारी, उरलेले क्रेडिट कार्डावर, अशी महिनाभरात रक्कम उभी राहते आणि तीन हप्त्यांत रोखीने मालकाच्या हाती पडते.

हा प्रसंग कल्पित आहे. परंतु ऑस्ट्रेलियात चार-दोन वर्षे काढलेल्या वाचकाला तो फारसा अनोळखी वाटणार नाही. या व्यवहारात मालकाच्या हातून फौजदारी गुन्हा घडला आहे, आणि मेकॅनिकही सुटलेला नाही. १४ डिसेंबर २०१५ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार प्रायोजकत्वाच्या किंवा नामनिर्देशनाच्या बदल्यात लाभ मागणे वा घेणे बेकायदेशीर आहे. मागणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तो लाभ देणारा किंवा देऊ करणारा दिवाणी दंडास पात्र ठरतो आणि त्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. मालकाने जो ‘खर्च’ सांगितला, त्यातील बहुतेक भाग मुळात कामगाराचा नव्हताच. मेकॅनिकला हे ठाऊक नव्हते, कारण कोणता कागद कोणाचा हेच त्याला कोणी समजावून सांगितलेले नव्हते.

तीन अर्ज, दोन अर्जदार

“स्पॉन्सर मिळाला”, “कंपनीने फाइल लावली” अशा शब्दांत मराठी घरांमध्ये ही सारी प्रक्रिया एका दमात सांगितली जाते. कायद्याच्या दृष्टीने येथे तीन स्वतंत्र अर्ज आहेत, आणि त्यांपैकी दोन कामगाराचे नाहीत. पहिला अर्ज मालकाचा. परदेशी कामगार नेमण्यास आपण पात्र आहोत, अशी मान्यता तो गृह व्यवहार खात्याकडून मिळवतो. त्याचे शुल्क ४२० डॉलर असून मान्यता पाच वर्षे टिकते. दुसरा अर्जही मालकाचाच. अमुक पदासाठी, अमुक पगारावर, अमुक व्यक्ती नेमावयाची आहे, असे तो खात्यास कळवतो; हेच नामनिर्देशन. तिसरा अर्ज तेवढा कामगाराचा, म्हणजे प्रत्यक्ष व्हिसाचा. कायमस्वरूपी निवासाच्या १८६ क्रमांकाच्या व्हिसातही सारा भार नामनिर्देशन आणि व्हिसा या दोन अर्जांवरच असतो.

तीन पायऱ्यांत मधली पायरी सर्वांत कठीण. कामगाराची पदवी, अनुभव, इंग्रजीची परीक्षा, पोलीस दाखला यांची चर्चा घरोघरी होते. नामनिर्देशनात मात्र परीक्षा मालकाच्या धंद्याची असते. तो धंदा खरोखर चालू आहे काय? सांगितलेले पद पूर्णवेळ आणि खरे आहे, की केवळ व्हिसासाठी निर्माण केलेले आहे? चार टेबलांच्या उपाहारगृहाने तीन शेफ मागितले, तर अधिकारी साहजिकच प्रश्न विचारतो. तात्पुरत्या ४८२ व्हिसासाठी ते पद स्थानिकांसाठी किमान २८ दिवस जाहिरातीद्वारे खुले ठेवल्याचा पुरावाही बहुतेक वेळा द्यावा लागतो. यांपैकी एकही कागद कामगाराच्या ताब्यात नसतो. तरीही एखादा कागद कमी पडला, तर त्याची किंमत कामगाराच्या कुटुंबाला मोजावी लागते.

या व्यवस्थेचा आरंभ १९९६ साली आलेल्या ४५७ क्रमांकाच्या व्हिसापासून झाला. हिंजवडीतून सिडनी-मेलबर्नला प्रकल्पांवर आलेल्या संगणक अभियंत्यांची एक संपूर्ण पिढी त्याच क्रमांकाने ओळखली जाते. १८ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी तो रद्द करण्याची घोषणा केली आणि मार्च २०१८ मध्ये त्याची जागा ४८२ ने घेतली. पुढे ७ डिसेंबर २०२४ पासून त्याच क्रमांकाखाली ‘स्किल्स इन डिमांड’ हा नवा व्हिसा आला. त्यातील मुख्य प्रवाह ‘कोअर स्किल्स’चा असून त्याच्या आरंभीच्या यादीत ४५६ व्यवसाय होते. अनुभवाची अट दोन वर्षांवरून एका वर्षावर आली, ही नव्याने येणाऱ्यांसाठी मोठी सवलत म्हणावी लागेल. अधिक पगाराच्या लोकांसाठी ‘स्पेशालिस्ट स्किल्स’ हा वेगळा, जलद प्रवाह आहे. मात्र कारागीर, यंत्रचालक, वाहनचालक व मजूर यांना त्यातून वगळलेले आहे. आपल्या मेकॅनिकला कितीही पगार मिळाला, तरी त्या दाराने प्रवेश नाही. देशाला कारागिरांचा तुटवडा आहे, असे याच सरकारचे मंत्री सातत्याने सांगत असताना ही रेघ का ओढली, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही.

पगाराचे दोन निकष

नामनिर्देशनातील पगाराची तपासणी दोन अंगांनी होते. एक, तो सरकारने ठरवलेल्या किमान रकमेपेक्षा कमी नसावा. दोन, त्याच जागी त्याच कामासाठी ऑस्ट्रेलियन नागरिकास जे वेतन मिळाले असते, त्याहूनही तो कमी नसावा. दोन्हींपैकी जी रक्कम मोठी, ती लागू होते. २०१३ पासून जून २०२३ अखेरपर्यंत ही किमान रक्कम ५३,९०० डॉलरवर गोठलेली होती. दहा वर्षांत घरभाडे वाढले, भाजीपाला वाढला, इतरांचे पगार वाढले. कुशल म्हणून आणलेल्या परदेशी कामगाराची किमान किंमत मात्र तेवढीच राहिली. मार्टिन पार्किन्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२३ मध्ये स्थलांतर व्यवस्थेचा जो आढावा घेतला, त्यात या गोठलेल्या आकड्यावर बोट ठेवलेले होते. १ जुलै २०२३ रोजी तो ७० हजारांवर गेला. त्यानंतर दरवर्षी जुलैमध्ये तो वाढतो. १ जुलै २०२५ पासून ‘कोअर स्किल्स’साठी तो ७६,५१५ डॉलर झाला.

येथे एक फसगत वारंवार होते. ही किमान रक्कम सुपरॲन्युएशन, म्हणजे निवृत्तिनिधी, वगळून मोजली जाते. नियुक्तिपत्रात “८० हजारांचे पॅकेज, सुपरसह” असे लिहिलेले असेल, तर १२ टक्के सुपर वजा जाता मूळ पगार सुमारे ७१,४०० डॉलर उरतो. तो ७६,५१५ च्या खाली आहे. असे नामनिर्देशन मंजूर होणार नाही; आणि कागदावर वेगळा आकडा दाखवून मंजूर करून घेतले असेल, तर अडचण पुढे केव्हातरी उभी राहणारच. याहून वाईट प्रकार म्हणजे पूर्ण पगार बँकेत जमा करावयाचा आणि दर पंधरवड्यास त्यातील काही भाग रोखीने परत घ्यावयाचा. कामगारवर्गात याला ‘कॅश-बॅक’ असे सुटसुटीत नाव आहे. वस्तुतः ती वेतनचोरी आहे. हेतुपुरस्सर कमी वेतन देणे हा १ जानेवारी २०२५ पासून ऑस्ट्रेलियात फौजदारी गुन्हा आहे.

कोणी काय भरावयाचे

आता त्या २५ हजारांकडे पुन्हा वळू. १८६ व्हिसाच्या नामनिर्देशनाचे शुल्क ५४० डॉलर आहे. त्याखेरीज मालकाला ‘स्किलिंग ऑस्ट्रेलियन्स फंड’ या प्रशिक्षण निधीत एकरकमी भरणा करावा लागतो. वार्षिक उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असेल तर ३,००० डॉलर, त्यावर असेल तर ५,००० डॉलर. डँडेनाँगचे ते वर्कशॉप लहान आहे असे धरले, तर मालकाचा सरकारी खर्च ३,५४० डॉलर होतो. तात्पुरत्या ४८२ व्हिसासाठी नामनिर्देशनाचे ३३० डॉलर आणि निधीसाठी लहान धंद्यास दरवर्षाचे १,२०० तर मोठ्यास १,८०० डॉलर, असा हिशेब आहे. चार वर्षांच्या नेमणुकीस लहान धंद्याचे ४,८०० डॉलर होतात, आणि ते आरंभीच भरावे लागतात.

हा प्रशिक्षण निधी कामगाराकडून वसूल करता येत नाही. सरळ मागून नाही आणि पगारातून हप्त्याहप्त्याने कापूनही नाही. मान्यताप्राप्त प्रायोजकाला कामगार शोधण्याचा खर्च, तसेच प्रायोजकत्व व नामनिर्देशन यांसाठी एजंटाला दिलेली फी हीदेखील कामगाराच्या माथी मारता येत नाही. कामगाराच्या वाट्याला येतो तो त्याच्या स्वतःच्या व्हिसा अर्जाचा खर्च. व्हिसाचे शुल्क, कुटुंबीयांचे शुल्क, वैद्यकीय तपासणी, इंग्रजीची परीक्षा, कौशल्य मूल्यमापन आणि व्हिसा अर्जापुरती स्वतःच्या एजंटाची फी. कुटुंब चौघांचे असेल तर हीही रक्कम लहान नसते. मालक आणि कामगार यांचा एजंट एकच असतो तेव्हा सारी बिले एकाच कागदावर येतात आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते. एजंटाने दोन्ही अर्जांच्या फीची स्वतंत्र बिले द्यावीत, असा आग्रह कामगाराने धरला पाहिजे. तो धरण्यात उद्धटपणा काही नाही.

एजंटांविषयी आणखी एक. ऑस्ट्रेलियात राहून स्थलांतरविषयक सल्ला व्यवसाय म्हणून देणाऱ्याची सरकारी नोंदणी असावी लागते, अथवा तो वकील असावा लागतो. नोंदणीकृत एजंटाचा क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. पुणे, मुंबई किंवा नाशिक येथे बसून सल्ला देणाऱ्या कार्यालयांना मात्र ही नोंदणी बंधनकारक नाही. तेथील पाटीवर कांगारू रंगवलेला असला, तरी तक्रार कोठे करावयाची हा प्रश्न उरतोच.

नकार मिळाला तर

नामनिर्देशन नाकारले गेले किंवा मालकाने ते मागे घेतले, तर त्यावर आधारलेला १८६ व्हिसाचा अर्ज टिकत नाही. त्या अर्जाला दुसऱ्या मालकाचे नामनिर्देशन नंतर जोडताही येत नाही. नव्या मालकासह सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. नामनिर्देशनाच्या नकाराविरुद्ध प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, पण तो अधिकार अर्जदाराचा, म्हणजे मालकाचा. कामगार आपल्या व्हिसाच्या नकाराविरुद्ध तेथे जाऊ शकतो. तथापि मंजूर नामनिर्देशनच नसेल, तर न्यायाधिकरणाच्या हातीही फारसे काही नसते. मालकाने अपील न करण्याचे ठरवले तर प्रकरण तेथेच संपते. दरम्यान आधीच्या व्हिसाची मुदत संपून गेली असेल, तर देशात राहून नवा अर्ज करण्याचे बहुतेक मार्गही बंद होतात.

मालकाच्या त्या २५ हजारांच्या मागणीमागे हेच बळ असते. दोन वर्षे पूर्ण झाली म्हणजे पीआर मिळालीच, असा एक समज आपल्याकडे आहे; मोठ्या संगणक कंपन्यांतून आलेल्या सुशिक्षितांमध्येही तो आढळतो. दोन वर्षांची अट ही पात्रतेची अट आहे. ती पुरी झाल्याने मालकावर नामनिर्देशन करण्याचे बंधन येत नाही. कंपनीचे धोरण तिसऱ्या वर्षी अर्ज करण्याचे असेल, किंवा मुळीच न करण्याचे असेल, तरी कायद्याला त्यात वावगे काही दिसत नाही. नोकरी स्वीकारतानाच हे लेखी विचारून घ्यावे.

आपल्या मेकॅनिकच्या बाबतीत वयाचाही प्रश्न आहे. ४८२ व्हिसाला वयोमर्यादा नाही. १८६ साठी मात्र, काही मोजके अपवाद वगळता, अर्जाच्या दिवशी वय ४५ वर्षांच्या आत असावे लागते. त्रेचाळिसाव्या वर्षी “पुढच्या वर्षी बघू” असे मालकाने दोनदा म्हटले, की दार बंद होते. महानगरांबाहेरच्या भागांसाठी असलेल्या ४९४ व्हिसासही साधारण हीच वयाची मर्यादा आहे.

१८० दिवसांची मोकळीक

या सर्व असमतोलावर सरकारने केलेला सर्वांत परिणामकारक उपाय १ जुलै २०२४ पासून अमलात आला, पण त्याची माहिती अद्याप पुष्कळांना नाही. पूर्वी नोकरी सुटली की नवा प्रायोजक शोधण्यास अवघे ६० दिवस मिळत. ६० दिवसांत नवी नोकरी शोधणे, नव्या मालकाची कागदपत्रे तयार करून घेणे आणि मुलांची शाळा सांभाळणे हे जवळपास अशक्य होते. म्हणून माणसे अन्याय सोसून त्याच जागी राहत. आता एका वेळी सलग १८० दिवस आणि व्हिसाच्या संपूर्ण मुदतीत एकूण ३६५ दिवसांपर्यंत अवधी मिळतो. या काळात उदरनिर्वाहासाठी दुसऱ्या मालकाकडे, अगदी वेगळ्या व्यवसायातही काम करता येते. ज्या कामास परवाना लागतो, तेथे तो अर्थातच हवा. १ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या व्हिसांनाही ही सवलत लागू आहे, आणि त्या तारखेपूर्वीचे बेकारीचे दिवस या हिशेबात धरले जात नाहीत.

यात एक खाच आहे. जुनी नोकरी चालू असताना, नव्या मालकाचे नामनिर्देशन मंजूर होण्याआधी त्याच्याकडे जाऊन काम सुरू करता येत नाही. मोकळीक नोकरी सुटल्यानंतरची आहे. त्यामुळे शक्य असेल त्याने नव्या मालकाचे नामनिर्देशन आधी मंजूर करून घ्यावे आणि मग राजीनामा द्यावा.

दुसरा बदल याच्याच जोडीचा आहे. पूर्वी १८६ साठीची वर्षे नामनिर्देशन करणाऱ्या त्याच मालकाकडे भरावी लागत. चौथ्या वर्षी मालक बदलला की गणना पुन्हा शून्यावर येई. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही अट मागील तीन वर्षांपैकी दोन वर्षांवर आणली गेली, आणि ७ डिसेंबर २०२४ पासून वेगवेगळ्या मान्यताप्राप्त प्रायोजकांकडील काळ एकत्र धरला जाऊ लागला. १८० दिवसांच्या मोकळिकीत पेट्रोल पंपावर केलेले काम त्यात मोजले जात नाही, हे लक्षात ठेवावे. पण डँडेनाँगमध्ये मान्यताप्राप्त प्रायोजकाकडे काढलेली दोन वर्षे जिलाँगच्या दुसऱ्या प्रायोजकाकडे गेल्याने वाया जात नाहीत. मेकॅनिकला हे माहीत असते, तर केबिनमधील ते संभाषण कदाचित वेगळ्या रीतीने संपले असते.

पैसे देऊन झालेल्याने काय करावे, हा अधिक अवघड प्रश्न आहे. देणाराही कायद्याच्या कक्षेत येत असल्यामुळे थेट खात्याकडे धाव घेण्यापूर्वी मालकाशी संबंध नसलेल्या वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे. मेलबर्नमध्ये ‘मायग्रंट वर्कर्स सेंटर’ आणि ‘वेस्टजस्टिस’, सिडनीत ‘रेडफर्न लीगल सेंटर’ अशा संस्था या प्रश्नांवर काम करतात. बुडालेल्या पगारासाठी ‘फेअर वर्क ओम्बड्समन’कडे (१३ १३ ९४) जाता येते, थकबाकीचा दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो. जुलै २०२४ पासून कामगाराच्या व्हिसाची भीती दाखवून त्याला राबवणे हा मालकाचा स्वतंत्र गुन्हा झाला आहे. शोषणाविरुद्ध दाद मागताना देशात राहता यावे म्हणून त्याच महिन्यात एक अल्पमुदतीचा व्हिसाही प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते. आणि कोणी भारतात परतावयाचे ठरवलेच, तर कामगाराने लेखी मागणी केल्यावर त्याचे व प्रायोजकत्वात नोंद असलेल्या कुटुंबीयांचे परतीचे भाडे प्रायोजकाने द्यावयाचे असते. ही मागणी प्रत्यक्षात फार थोडे लोक करतात.

यातले काहीही करावयाचे असले, तरी कागद लागतातच. नियुक्तिपत्र, प्रत्येक पंधरवड्याची पे-स्लिप, बँकेची विवरणे, मालकाचे व्हॉट्सॲप संदेश, नामनिर्देशनाचा संदर्भ क्रमांक. हे सर्व कंपनीच्या ईमेलवर न ठेवता स्वतःच्या खात्यात ठेवावे, कारण कंपनीचा ईमेल नोकरीबरोबरच बंद होतो. नोकरी सुटल्याची सूचना मालकाने २८ दिवसांच्या आत खात्याला द्यावयाची असते. त्या सूचनेत तो शेवटचा दिवस कोणता लिहितो, हे कामगाराला दिसत नाही. १८० दिवसांची मोजणी त्या दिवसापासून होत असल्याने शेवटच्या दिवशी ती तारीख मालकाकडून लेखी घेऊनच बाहेर पडावे.